जुन्या नावेची तक्तपोशी बदलताना

नावेत पाय ठेवला की एखादी फळी दबते, नाहीतर कडेला बोट घातलं तर भुगा हाताला लागतो. अशा वेळी बहुतेकांचा उपाय ठरलेला. बाजारातून प्लायचा तुकडा आणायचा, जुन्या तक्तपोशीवरच, म्हणजे नावेच्या आतल्या फळ्यांच्या जमिनीवरच, ठेवायचा आणि चार स्क्रू पिळून मोकळं व्हायचं. एका दुपारचं काम. पुढचा पावसाळा सरला की तो नवा प्लायही मऊ पडतो, कारण खालचं पाणी जिथल्या तिथंच असतं. शिवाय वजनाचा हिशेब कुणी करत नाही. १२ मिलिमीटरचा, ८ बाय ४ फुटांचा चांगला तक्ता पंचवीसेक किलो भरतो. असे दोन तक्ते वरून चढवले म्हणजे एक सडपातळ माणूस नावेत कायमचा बसवून ठेवला. दर दोन-तीन वर्षांनी असा एकेक थर चढत गेला, की उभं राहणारा तेवढा उंच होतो, नावेचा काठ पायांच्या तेवढा जवळ येतो आणि जरा कुणी सरकलं की नाव कलते.

म्हणून या लेखातला सल्ला एकच आहे आणि बाकी सगळं त्याचाच विस्तार आहे: तक्तपोशी पूर्ण उचला, खाली पाणी का थांबतं ते शोधा, आणि नवी तक्तपोशी अशी बसवा की ती पुन्हा सहज उचलता येईल.

नांदेडजवळ गोदावरीवरच्या विष्णुपुरीच्या शंकरसागर जलाशयावर शीड क्वचितच दिसेल. इथं मच्छीमारांच्या लाकडी नावा, फायबरच्या होड्या आणि पुरात कामी येणाऱ्या बचाव बोटी. शिडाच्या नावांच्या शर्यती बघायच्या तर आपल्याला जवळचं पाणी म्हणजे हैदराबादचा हुसेनसागर, नाहीतर मग पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं पीकॉक बे. पण तक्तपोशीपुरतं बोलायचं तर शिडाची नाव, वल्ह्याची नाव आणि इंजिनाची बोट यांचं दुखणं सारखंच असतं. आत केबिन असलेल्या शीडनौकेच्या काही खास गोष्टी आहेत, त्या पुढे सांगतो.

आधी एक गैरसमज. समुद्राच्या खाऱ्या पाण्यानं लाकूड लवकर जातं, तळ्यातल्या गोड्या पाण्यात ते टिकतं, असं आपल्याकडे सर्रास समजतात. कुजण्याच्या बाबतीत गोष्ट उलटी आहे. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि बुरशीला मीठ मानवत नाही. कोकणातल्या नावेला भीती असते ती खाऱ्या पाण्यात बाहेरून लाकूड पोखरणाऱ्या किड्याची. आपल्या नावेला भीती आतून, तीही गोड्या पाण्याची. त्यातही सर्वांत वाईट पावसाचं पाणी, कारण ते वरून पडतं, फटींतून झिरपतं आणि तक्तपोशीखाली अडकून बसतं. पूर्ण बुडालेलं लाकूड फारसं कुजत नाही, कोरडं लाकूडही कुजत नाही. कुजतं ते अर्धवट ओलं, वारा न लागणारं. तक्तपोशीच्या खालची बाजू नेमकी तशीच असते.

विष्णुपुरीत यात आणखी एका गोष्टीची भर पडते. पावसाळ्यात वरून जायकवाडीचं आणि पूर्णेवरच्या येलदरी-सिद्धेश्वरचं पाणी सुटलं, बंधाऱ्याच्या १८ दरवाजांपैकी काही उघडले, की गोदावरी गढूळ होऊन वाहते. तो गाळ जाळ्यांबरोबर, पायांबरोबर, उपसून राहिलेल्या पाण्याबरोबर नावेत येतो आणि फळ्यांच्या खाली बसतो. काळ्या मातीचा हा गाळ लोण्यासारखा बारीक असतो. त्यात जलपर्णीची मुळं, माशांचे खवले, बाभळीच्या शेंगा आणि बिडीची थोटकं मिसळतात. वरून कोरडा दिसणारा हा थर खालून महिनोन् महिने ओला राहतो. फळी उचलल्यावर कुजक्या पालापाचोळ्याचा वास आला तर समजा, कारण सापडलं.

काम कधी काढायचं? होळी झाली की. पाणी उतरलेलं असतं, नाव काठावर ओढता येते आणि लाकूड वाळायला हवा कोरडी मिळते. मृग लागायच्या आत सगळं आटोपलं पाहिजे. मे महिन्यात सुरुवात करणाऱ्याचं काम हमखास पहिल्या पावसात सापडतं. नाव काठावर ठेवताना मातीवर ठेवू नका. दगड किंवा विटा रचून त्यांवर आडवे ओंडके घाला आणि नाव जमिनीपासून हातभर वर घ्या. काळ्या मातीवर टेकलेल्या नावेत वाळवी चढायला एक उन्हाळा पुरतो, आणि वाळवी बाहेरून काहीच दाखवत नाही. वर मांडव किंवा ताडपत्री असावी. लाकडी नावेच्या बाहेरच्या अंगावर ओलं गोणपाट टाकून ठेवा, नाहीतर ४३ अंशांच्या उन्हात फळ्या आकसून सांधे उघडतात आणि तक्तपोशी करायला घेतलेली नाव सगळीच करावी लागते.

उचलायच्या आधी प्रत्येक फळीवर खडूनं नव्हे, रंगानं क्रमांक टाका आणि नाळेकडची बाजू कुठली तो बाण काढा. मोबाइलवर फोटो घ्या. कुजलेल्या फळ्याही टाकू नका, त्या मापाला लागतात. गंजलेला स्क्रू निघत नसेल तर डोक्यावर बारीक छिन्नी मारून डोकं उडवा, फळी काढा आणि उरलेली दांडी पकडीनं फिरवा. फायबरच्या बोटीत तक्तपोशी कडेला काचेच्या पट्टीनं आणि रेझिननं चिकटवलेली असते. ती कापताना कटरचं पातं फळीच्या जाडीइतकंच खाली जाईल असं बसवून घ्या. खाली बोटीचं बूड आहे, त्यात भोक पाडायचं नाही. तोंडाला साधा रुमाल चालणार नाही, धूळ अडवणारा मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. काचेची कूस अंगात शिरली की दोन दिवस खाज जात नाही.

आता आरी किंवा बारीक पेचकस घ्या आणि फळ्या ज्या लाकडांवर टेकल्या होत्या, म्हणजे नावेच्या बरगड्यांसारखे जे वाक असतात, ते एकेक करून टोचून बघा. हे काम घाईचं नाही. टोक तिरपं खुपसून वर उचकटा. लाकूड निरोगी असेल तर टोक सहजी जात नाही आणि उचकटल्यावर लांब, चिवट कूस निघते. कुजलं असेल तर कट्कन आवाज न होता लहान तुकडा निघतो, बिस्किटासारखा. त्याचा रंग तपकिरी आणि त्यावर चौकोनी भेगा दिसतात. आवाजही ऐका. हातोडीच्या दांड्यानं ठोकत गेलं की निरोगी लाकूड खणखणीत वाजतं आणि कुजक्यावर आल्यावर आवाज बसतो. जिथं बसला तिथं खूण करा. जिथं कुज दिसते तिथं ती संपलेली नसते. तिचे तंतू पुढच्या चांगल्या दिसणाऱ्या लाकडात गेलेले असतात, म्हणून कापताना खुणेच्या हातभर पुढून कापायचं.

बऱ्याच फायबर बोटींत तक्तपोशीखाली फोम भरलेला असतो. बोट पाण्यानं भरली तरी तरंगत राहावी यासाठी तो असतो, म्हणून काढून टाकला आणि जागा रिकामी सोडली असं करायचं नाही. पण जुना फोम पाणी पितो. हाताच्या पंजाएवढा तुकडा तळातून कापून पिळून बघा. पाणी निघालं तर सगळाच काढा. तो उन्हात वाळत नाही, त्या नादी लागू नका. नवा फोम भरताना बंद छिद्रांचा घ्या, आणि तो बुडाला सरळ टेकू न देता खालून पाणी वाहायला वाट ठेवा.

या वाटेचं महत्त्व फार. प्रत्येक वाकाच्या सर्वांत खालच्या जागी, बुडालगत, करंगळी जाईल एवढं भोक असायला हवं. म्हणजे नावेत कुठंही आलेलं पाणी वाहत एका जागी जमतं आणि तिथून डब्यानं उपसता येतं. जुन्या नावांत ही भोकं असतात, पण गाळानं बुजलेली. तारेनं मोकळी करा. नसतील तर पाडा आणि आतल्या कडांना रेझिन लावा. सगळ्या दुरुस्तीत मला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचं काम हेच वाटतं.

मग धुणं आणि वाळवणं. गाळ खरवडून काढा, गोड्या पाण्यानं धुवा, मग नाव सावलीत वाऱ्यावर राहू द्या. किती दिवस, ते हवेवर आहे. लाकूड वाळलं की नाही याची साधी परीक्षा अशी: वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा लाकडावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीनं बंद करा आणि सकाळी बघा. आतून दव धरलं असेल तर थांबा.

इथं एका सवयीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. लाकूड टिकावं म्हणून इंजिनाचं जळकं तेल नावेच्या आत फासायची पद्धत आपल्याकडे आहे. कोकणात माशाचं तेल लावत, तो वेगळा मामला. जळकं तेल पावसाच्या पाण्याबरोबर जलाशयात उतरतं, आणि शंकरसागरातलं पाणी नांदेड शहर पितं. कारागिरीच्या दृष्टीनंही ते वाईटच, कारण तेल प्यालेल्या लाकडावर पुढे कुठलंच रेझिन किंवा रंग धरत नाही. आधीच तेल लावलेलं असेल तर वरचा थर रंध्यानं काढून नवं लाकूड उघडं करावं लागतं.

वाक कुजलेला निघाला तर पूर्ण काढायची गरज दर वेळी नसते. कुजलेला भाग कापून, त्याच्या बाजूला तसंच वळण असलेलं नवं लाकूड बोल्टनं जोडता येतं, मात्र दोन्ही टोकांना ते चांगल्या लाकडावर हात-दीड हात चढलं पाहिजे. आपल्याकडे यासाठी बाभूळ उत्तम. फांदीचं नैसर्गिक वळण मिळतं, म्हणजे लाकूड कापून वळण द्यावं लागत नाही आणि रेषा तुटत नाही. बाभळीचं बाहेरचं पांढरं लाकूड मात्र किडा खातो, ते तासून टाका. जुने सुतार बाभूळ तोडल्यावर काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवत आणि मग सावलीत वाळवत. घाई असली तरी ही पायरी गाळू नये.

नवी तक्तपोशी कशाची करायची? लाकडी नावेला सागवान घेता आलं तर त्यासारखं काही नाही, आणि नांदेड जिल्ह्यात किनवटच्या सागवानाचं नाव आहेच. विकत घेताना पावती घ्या आणि जपून ठेवा, वाटेत विचारणा झाली तर तीच उपयोगी पडते. सागवानाच्या फळ्या एकमेकींना घट्ट भिडवू नका. मे महिन्याच्या कोरड्या हवेत बसवलेली फळी श्रावणात फुगते, जागा नसली तर वर उचलते किंवा स्क्रू उपटते. दोन फळ्यांत तीन-चार मिलिमीटर फट ठेवा. तीच फट पाणी खाली जाऊ देते.

बाकीच्यांसाठी प्लाय. तो मरीन प्लायच हवा. त्याच्या प्रत्येक तक्त्यावर आयएसआय चिन्ह आणि आयएस ७१० हा क्रमांक छापलेला असतो. आयएस ३०३ हा घरच्या फर्निचरचा प्लाय, दुकानदार त्यालाही ‘वॉटरप्रूफ’च म्हणतो. शंका असेल तर हाताएवढा तुकडा मागून घ्या आणि घरी दिवसभर उकळा. आयएस ७१० च्या तक्त्याला ७२ तास उकळत्या पाण्यात काढावे लागतात, तेव्हा तुमच्या पातेल्यात त्याचे थर सुटायला नकोत. पण ही परीक्षा थरांमधल्या गोंदाची. आतलं लाकूड शेवटी लाकूडच, आणि कापलेल्या कडेतून ते पाणी ओढतं. मरीन प्लाय आणला म्हणून कडा उघड्या ठेवल्या तर तोही कुजेल. जाडी वाकांमधल्या अंतरावर ठरते. फूटभर अंतर असेल तर १२ मिलिमीटर चालतो, दीड-दोन फूट असेल तर १८ घ्यावा.

माप घेताना सुतार बिचकतो, कारण नावेत गुण्या आणि पाणसळ चालत नाहीत. कुठलाच कोपरा काटकोनात नसतो आणि नाव स्वतःच तिरकी उभी असते. फर्मा करा. पुठ्ठ्याच्या रुंद पट्ट्या घेऊन त्या तक्तपोशीच्या जागेवर ढोबळ आकारात चिकटपट्टीनं जोडा, कडेपासून दोन-तीन बोटं आतच राहू द्या. मग कंपासचं एक टोक नावेच्या कडेला टेकवून, पेन्सिल पुठ्ठ्यावर ठेवून सगळ्या कडेनं फिरवा. कंपासचं अंतर मध्ये बदलायचं नाही. पुठ्ठा प्लायवर ठेवला, तेच अंतर उलट बाहेर घेतलं की प्लायवर नावेची खरी कड उमटते. रेषेच्या जरा बाहेरून कापा आणि रंध्यानं बसवत आणा. कडेला तीन मिलिमीटर मोकळं ठेवा. नावेच्या अंगाला घट्ट अडकलेली फळी नाव हलली की कुरकुरते आणि अंग घासते.

फळी बसली की ती पुन्हा बाहेर काढा. इपॉक्सी रेझिन लावायचं ते आता, सहाही बाजूंना. इपॉक्सी महाग आहे. फायबरच्या टाक्या आणि मूर्ती करणाऱ्यांकडचं पॉलिएस्टर रेझिन कितीतरी स्वस्त मिळतं, पण ते लाकडावर नीट धरत नाही, काही काळानं पापुद्रा सुटतो. बूड फायबरचं असलं तरी जिथं लाकूड चिकटवायचं आहे तिथं इपॉक्सीच वापरा. दोन डब्यांचं प्रमाण वजनकाट्यावर मोजा. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घातला तर इपॉक्सी चिकटच राहतं. पॉलिएस्टर वापरायची वेळ आलीच, तर त्याचा हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते द्रावण) एकमेकांत कधीही थेट मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचा, हार्डनर शेवटी.

आपल्या उन्हाळ्यात इपॉक्सी मगात ठेवलं तर काही मिनिटांत तापून घट्ट होतं. थोडं थोडं मिसळा आणि पसरट थाळीत ओतून वापरा. पहिला हात संध्याकाळी द्या. सकाळी दिला तर दिवस तापेल तशी लाकडातली हवा बाहेर येते आणि बुडबुडे सोडते. संध्याकाळी लाकूड थंड होत असतं, ते रेझिन आत ओढून घेतं. असे तीन हात, कडांना एखादा जास्त. शेवटी त्यावर रंग हवाच, कारण ऊन इपॉक्सीला खातं.

स्क्रूचं भोक हा पाण्याचा दरवाजा असतो. म्हणून आधी मोठं भोक पाडा, ते इपॉक्सीनं भरा, वाळल्यावर त्याच्या मध्यात स्क्रूच्या मापाचं बारीक भोक पाडा. मग पाणी आलं तरी लाकडाला भेटत नाही. काळे स्वस्त स्क्रू नकोत. गोड्या पाण्यात ३०४ प्रतीचं स्टेनलेस पुरतं, समुद्रावर ३१६ लागतं.

सगळी तक्तपोशी एकसंध करू नका. मधला भाग दोन-तीन तुकड्यांत करा, प्रत्येकाला बोट घालायला गोल भोक आणि फिरवायची कडी ठेवा. एका माणसानं, अवजाराशिवाय, उचलता आलं पाहिजे. कडी यासाठी, की नाव कलंडली तर सुटे तुकडे तरंगत जाऊन कुणाच्या डोक्याला लागू नयेत.

वरचा रंग फिका घ्या. गडद हिरवा किंवा लाल रंग एप्रिलच्या उन्हात अनवाणी पायाला चटका देतो. पाय घसरू नये म्हणून ओल्या रंगावर चाळलेली, धुतलेली, वाळवलेली वाळू भुरभुरवा आणि वरून आणखी एक हात द्या. (गोदावरीची ओंजळभर वाळू एवढ्यासाठी घेतली तर कुणी हरकत घेऊ नये, तसे तिथून ट्रक जातातच.) हिरवळीची प्लॅस्टिकची चटई, रेक्झिन, गालिचा यांपैकी काहीही चिकटवू नका. त्याखाली गाळ साचतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

आता ज्यांना मुंबई-गोव्याकडून केबिनची जुनी शीडनौका आणायची हौस आहे त्यांच्यासाठी. हुसेनसागरावर दिसणाऱ्या ऑप्टिमिस्ट, लेझर अशा लहान नौकांना आत तक्तपोशी नसतेच. केबिनच्या नौकेत ती बहुधा प्लायची असते आणि वर सागवानाचा, मध्ये पांढऱ्या पट्ट्यांचा पातळ पापुद्रा असतो. तो एका मिलिमीटरपेक्षा जाड क्वचितच असतो, तेव्हा मशीननं घासायला गेलात तर खालचा प्लाय बाहेर येईल. पापुद्रा शाबूत असेल तर हातानं घासून वॉर्निश द्या, पण चकचकीत नको, मंद चमकेचं द्या. डोलकाठीचा पाय तक्तपोशीतून खाली उतरत असेल तर दोर सैल केल्याशिवाय त्याच्या आसपासची फळी किंवा आधार हलवू नका. आणि फळी उचललीच आहे तर खालचा वजनदार कणा धरून ठेवणारे बोल्ट बघा. नटांभोवती गंजाचा ओघळ असेल तर तक्तपोशी बाजूला ठेवून आधी जाणत्या माणसाला बोलवा. काही नौकांत तक्तपोशी कडेला पक्की चिकटवलेली असते आणि ती नावेच्या अंगाला ताठपणा देते. ती कापून सुट्या फळ्या केल्या तर आडवे आधार नव्यानं द्यावे लागतात.

लाकूड आणि फायबरची ही जोडी नीट बंद केली तर किती टिकते याचा दाखला गोव्यात आहे. दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकरांच्या ॲक्वेरियस शिपयार्डनं बांधलेली ‘म्हादेई’ ही शीडनौका लाकडी गाभ्यावर फायबरग्लास चढवूनच केलेली. २००९-१० मध्ये नौदलाचे दिलीप दोंदे आणि २०१२-१३ मध्ये कुठंही न थांबता अभिलाष टॉमी, दोघांनीही तिच्यातून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली.

तिकीट घेऊन माणसं बसवत असाल तर काम झाल्यावर तपासणी करून घेतल्याशिवाय फेरी सुरू करू नका. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ मध्ये इंजिनाच्या नावांची नोंदणी आणि तपासणी, दोन्हीची तरतूद आहे.

नाव पाण्यात सोडताना तक्तपोशीचे मधले तुकडे बाहेरच ठेवा. लाकडी नाव पहिले दोन-तीन दिवस झिरपणारच, फळ्या फुगून सांधे मिटेपर्यंत उथळ पाण्यात बांधून ठेवा आणि उपसत राहा. त्यानंतरही पाणी येत असेल तर ते कुठल्या वाकाच्या बाजूनं येतं ते आता उघड्यावर दिसेल. तिथं फट भरून घ्या, एक रात्र पुन्हा बघा, आणि मगच तुकडे बसवून कड्या फिरवा. पुढे दर महिन्याला, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला, ते उचलून खालचा गाळ धुऊन टाका. काढलेल्या जुन्या फळ्यांपैकी रंग-रेझिन लागलेल्या चुलीत घालू नका, त्यांचा धूर विषारी असतो. बिनरंगाच्या बाभळीच्या असतील तर खुशाल पाणी तापवा.